चौथ्या ओळीखालची जागा

हुमनाबादला बसस्टँडच्या मागं माझं डीटीपीचं दुकान आहे. मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. अर्धी पत्रिका कन्नडात, अर्धी मराठीत, कारण आमच्याकडं नवरीकडचे एका भाषेसाठी रुसतात आणि नवऱ्याकडचे दुसऱ्या. मी तशी तापट, पण रुसणाऱ्यांवर कधी चिडत नाही. मी चिडते ती वाकड्यातिकड्या ओळींवर. दोन ओळींमधली जागा वर कमी आणि खाली जास्त अशी पत्रिका दिसली की माझं डोकं सणकतं. गिऱ्हाईक म्हणतं, “असू द्या की अक्का, कोण बघायलंय?” मी बघतेय ना. गिऱ्हाईकाला चहा पाजते, बाकड्यावर बसवून ठेवते आणि ओळी सारख्या करूनच प्रिंट हातात देते. आई म्हणायची, हिच्या रुखवतात फूटपट्टी ठेवायची राहिली.

अशा बाईनं एकदा मुद्दाम, सगळं कळत असताना, एका कागदावर ओळी वेड्यावाकड्या अंतरानं छापल्या. तो कागद अप्पांचा होता.

अप्पा म्हणजे माझे वडील. गुलबर्ग्याला पोलीस बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. मी आठ वर्षांची असताना त्यांनी क्वार्टरच्या फरशीवर खडूनं पाच रेघा ओढून मला इंग्रजी पद्धतीचे स्वर वाचायला शिकवलं. पाच रेघांची मिळून एक ओळ. रेघांवर आणि रेघांच्या मधे बसलेले काळे ठिपके म्हणजे स्वर. एक ओळ संपली की खालच्या ओळीच्या सुरुवातीला यायचं, पुस्तक वाचतो तसं. वाजवायला मला कधीच जमलं नाही. मी फुंकर मारली की क्लॅरिनेटातून नुसतं बदक ओरडायचं, आणि अप्पा हसू दाबत म्हणायचे, “माय, तू वाचायचं काम कर. वाजवणारे लई हायत.” त्यांचं हे बोलणं खरं झालं. पुढं दुकान टाकल्यावर एका शाळेच्या बँडासाठी स्वरांचं पुस्तक छापून हवं होतं, आणि ते वाचता येणारी आसपासच्या दोन तालुक्यांत मी एकटीच निघाले. तेव्हा मी स्वर छापायचं सॉफ्टवेअर शिकले. आता पत्रिकांचा हंगाम नसला की याच कामावर दुकान चालतं.

रिटायर झाल्यावर अप्पा आईला घेऊन गावी आले. आमचं गाव दुबलगुंडीच्या वाटेवर, माझ्या दुकानापासून स्कूटीनं अर्धा तास. गावात लग्नाचा एक बँड होता. वाजवणारे सगळे कानानं शिकलेले, दिवसा शिलाई, मोटार वायंडिंग, तुरीची शेती करणारे. अप्पांनी त्यांना देवळाच्या पडवीत बसवून कागद वाचायला शिकवलं. दोन वर्षं लागली, आणि ते सगळ्यांचे मास्तर झाले. कुणी कंटाळलं तर अप्पा म्हणायचे, “कानानं वाजवणारा गर्दीत हरवतो. कागद बघणारा हरवत न्हाई.” आणि जत्रेच्या पालखीसाठी त्यांनी स्वतः एक मार्च, म्हणजे चालत वाजवायची धून, बांधला. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, सगळ्यांना सूर एकच, म्हणून कार्डही सगळ्यांना एकच. तळहाताएवढं कार्ड, त्यावर आठ ओळी. वाद्याला लावलेल्या पितळी चिमट्यात ते अडकवायचं आणि चालत वाजवायचं. दोन्ही हात वाद्यावर असतात, त्यामुळं पान उलटायची सोय नाही. जे काय आहे ते त्या आठ ओळींत बसलं पाहिजे.

आमच्या गावच्या पालखीची एक रीत आहे. देवळाच्या पायऱ्या पालखी वाजत्या सुरावरच चढते. सूर थांबला की खांदेकऱ्यांनी जिथल्या तिथं थांबायचं, मग पालखी कुठल्याही पायरीवर असो. अप्पांनी मार्च बांधतानाच पायऱ्या मोजल्या होत्या. शेवटचा सूर आणि शेवटची पायरी एकदमच संपायची. लोक त्याचं कौतुक करायचे, आणि अप्पा आपण ऐकलंच नाही असं दाखवायचे.

दोन वर्षांमागच्या जत्रेत मार्च लवकर संपला. पालखीच्या शेवटच्या काही पायऱ्या राहिल्या असताना बँड गप्प झाला. खालचे खांदेकरी पालखी डोक्याच्या वर धरून तिरपे उभे, पुजारी वर आरती घेऊन उभा, आणि सगळं गाव बँडाकडं बघतंय. मी गर्दीत होते. अप्पांनी कार्डाकडं बघितलं, मग बँडाकडं, आणि पहिल्यापासून सुरू केलं. लोकांनी रात्री जेवणात चेष्टा केली की यंदा देवाला पायरीवर बसवून घाम पुसायला लावला. अप्पाही हसले. घरी आल्यावर आईला एवढंच म्हणाले, “चष्मा बदलायला पाहिजे.”

चष्म्याचं काम नव्हतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. बाजूची नजर जाते, समोरची तेवढी राहते, औषधाचे थेंब घालून आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येत नाही. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “समोरची किती दिवस राहील?” डॉक्टर म्हणाले, “बघू.” येताना बसमध्ये अप्पा खिडकीशी बसले होते. मी त्यांचा हात धरला तर ते म्हणाले, “हात कामून धरायलीस? मला दिसायलंय.” मी हात सोडला नाही. त्यांनीही ओढून घेतला नाही.

पुढची जत्रा दीड महिन्यावर आली तेव्हा बँडात दुसरा क्लॅरिनेट वाजवणारा माझ्या दुकानात आला. हा मोटार वायंडिंगवाला, चाळिशीचा माणूस, अप्पांच्या हाताखाली सगळ्यात आधी वाचायला शिकलेला. बाकड्यावर बसला, चहा पिला, एक पत्रिका उलटीपालटी केली आणि मग बोलला.

“अक्का, लोकं म्हणायलेत, मास्तरला खुर्ची टाकून मान द्यावा. पहिला क्लॅरिनेट मी वाजवावा. मी कसं सांगू त्यांना? तुम्ही सांगता का?”

“तुला वाजवायचंय का पहिला?”

“न्हाई ओ. मी दुसराच बरा हाय. पण पालखी पुन्हा पायरीवर अडकली तर माणसं मास्तरलाच बोलतील. ते मला ऐकवणार न्हाई.”

मी सांगते म्हणाले. त्या रविवारी गावी गेले, आईच्या हातची शेंगाची पोळी खाल्ली, पण खुर्चीचं काढलं नाही. मी नुसतं विचारलं, “अप्पा, यंदा वाजवणार का?” ते क्लॅरिनेटची कळ फडक्यानं पुसत होते. म्हणाले, “एकदा त्या पायऱ्या नीट चढवून देतो. मग खुर्चीत बसा म्हणा, बसीन. पण अर्ध्यावर सोडून बसणार न्हाई.”

तुम्ही म्हणाल, स्वतः बांधलेला मार्च, पाठ नसेल का? मीही हेच म्हणाले. घरात पाठ होता. पण पडवीतल्या तालमीला ढोल सुरू झाला की त्यांची नजर सवयीनं कार्डावर जायची आणि तिथं जी ओळ सापडेल ती बोटं वाजवायची. चाळीस वर्षांची सवय होती. कागद समोर असताना कागद न बघणं त्यांना जमत नव्हतं, आणि कागदाशिवाय उभं राहणं त्यांना मंजूर नव्हतं.

मग मी माझ्या शहाणपणावर आले. डोळे अधू झालेत ना, मग अक्षर मोठं करा. दुकानात येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला मी हेच करून देते. स्वर दीडपट मोठे केले, ओळी एकमेकींना चिकटवून आठच्या आठ कार्डावर कोंबल्या, आणि मोठ्या ऐटीत गावी घेऊन गेले. अप्पांनी वाजवायला घेतलं. दुसऱ्याच ओळीत थांबले. पुन्हा घेतलं, पुन्हा थांबले. मी म्हणाले, “अजून मोठं करू का?” त्यांनी नाही अशी मान हलवली. कार्ड माझ्या हातात परत देताना त्यांनी ते नीट, कोपऱ्याला कोपरा लावून दिलं, आणि मला स्वतःची एवढी चीड आली की मी जेवले नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी चुकीचा स्वर वाजवून दाखवला नव्हता. मी मात्र त्यांना माझ्यासमोर दोनदा चुकायला लावलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी एक गोष्ट केली ती आधीच करायला हवी होती. एका पत्रिकेची बारीक सुरळी केली, एक डोळा मिटला, सुरळीतून कार्ड बघितलं. पैशाएवढा गोल दिसतो, बाकी काळोख. मोठा केलेला स्वर त्या गोलात जेमतेम एक मावतो. जुन्या छोट्या कार्डावर चार-पाच मावायचे. म्हणजे मी त्यांची मदत करता करता त्यांची उरलेली नजर अजून बारीक केली होती. मग मी जुनं कार्ड घेतलं आणि सुरळीतून मार्च वाचत गेले. ओळीत काही अडचण नव्हती. अडचण ओळ संपल्यावर होती. चौथ्या ओळीच्या शेवटाहून गोल मागं आणायचा, पाचवीच्या सुरुवातीला ठेवायचा, तर तो सहावीवर पडायचा. पाचवी आणि सहावी, दोन्हींचे पहिले तीन स्वर अगदी एक. सुरळीतून कळायला मार्ग नाही की आपण कुठल्या ओळीवर आहोत. पाचवी गेली की मार्च लवकर संपतो, आणि बँड तर अप्पांच्या मागूनच जातो. पालखी पायरीवर अडकली ती इथंच. मी सुरळी डोळ्याला लावून बराच वेळ बसले. एका गिऱ्हाइकानं दारातून विचारलं, “अक्का, बरं हाय ना?” मी व्हय म्हणाले, आणि रडले.

उपाय सोपा होता, पण माझ्या जिवावर आला. चौथी आणि पाचवी यांच्यात मोठी मोकळी जागा सोडायची. नजर खाली येताना पांढऱ्यातून जाईल आणि पांढरं संपल्यावर जी पहिली ओळ लागेल ती पाचवीच. बाकीच्या ओळी मात्र दाटीवाटीनं बसवाव्या लागणार, कार्ड तर वाढत नाही. सॉफ्टवेअरलाही ते पटेना. मी चौथीखाली जागा वाढवली की ते आपणहून सगळ्या ओळी पानभर सारख्या वाटून टाकायचं. मी वाढवायची, ते वाटायचं. माझ्यासारखंच हट्टी. शेवटी पान भरून काढायची ती सोय मी बंद केली, चौथीच्या खाली खालच्या ओळीला ढकलणारा एक छोटा बाण ठेवला, आणि तो ओढत ओढत सुरळीतून बघत राहिले. अजून थोडं. अजून थोडं. जेव्हा दहातल्या दहा वेळा माझा गोल पाचवीवर पडला तेव्हा थांबले. कार्ड इतकं बेढब दिसत होतं की दुसऱ्या कुणी छापलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

अप्पांना एकट्याला वेगळं कार्ड दिलं असतं तर त्यांनी ते घेतलं नसतं. म्हणून सगळ्या बँडासाठी तसंच छापलं, लॅमिनेशन केलं, आणि जुनी मळली म्हणून नवीन आणली असं सांगितलं. जागेबद्दल कुणालाच काही बोलले नाही.

त्या संध्याकाळी पडवीत तालीम होती. मी खांबाला टेकून उभी होते. मार्च सुरू झाला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. चौथीच्या शेवटाला मी अप्पांच्या बोटांकडं बघितलं. आणि चौथी संपल्याबरोबर सगळा बँड एकदम थांबला. सुराच्या मधेच, एक दमभर. अप्पा एकटे पाचवीत शिरले, अगदी बरोबर शिरले, आणि बाकी सगळे त्यांच्या मागून आले.

अप्पांनी क्लॅरिनेट खाली घेतला. “कोण थांबलं?”

सगळेच थांबले होते. वायंडिंगवाला म्हणाला, “मास्तर, ओळ सोडलीय की इथं. तुम्हीच शिकवलाय, ओळ सोडली की दम घ्यायचा.”

हे मला ठाऊक नव्हतं. मला शिकवताना फरशीवर कधी ओळ सोडली नव्हती. पण या पडवीत, कानानं वाजवणाऱ्या मोठ्या माणसांना दम कुठं घ्यायचा ते कळावं म्हणून अप्पा भिंतीवर खडूनं स्वर लिहिताना तिथं एक ओळभर जागा मोकळी ठेवायचे. गावातल्या बँडापुरता त्यांनी काढलेला तो नियम. माझ्या जागेनं मार्चचा ऐन मधला सूर तोडून टाकला होता.

“ओळ कुणी सोडली?” अप्पांनी विचारलं.

खरं कारण सांगायचं तर सगळ्यांसमोर त्यांच्या डोळ्यांचं बोलावं लागणार होतं. मी म्हणाले, “माझी चूक झाली, अप्पा. मशीनमधे ओळ सरकली असंल. उद्या नीट करून आणते.”

माझी ओळ सरकत नसते, हे त्या पडवीत एका माणसाला पक्कं माहीत होतं. अप्पांनी चिमट्यातलं कार्ड काढलं. डोळ्यांजवळ नेलं. मग अंगठा त्या मोकळ्या जागेवर ठेवला, तो बरोबर मावला, आणि अंगठा तिथून हळूच खाली पाचवीवर नेला. असं दोनदा केलं. माझ्याकडं बघितलं नाही. कार्ड परत चिमट्यात अडकवून ते बँडाला म्हणाले, “चूक न्हाई. तिथं दमच हाय. आधी लिहायचा राहिला होता. लिहिलंय तसं वाजवा.”

घरी परत जाताना फाटकाशी आल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तसा ते कधी ठेवत नाहीत, आणि म्हणाले, “जेवून जा.”

त्या वर्षी पालखी एका दमात चढली नाही. चौथ्या ओळीनंतर बँड थांबला, खांदेकरी रीतीप्रमाणं एक पायरी धरून उभे राहिले, गर्दीत एकदम शांत झालं, आणि पाचवीबरोबर पालखी पुन्हा हलली. शेवटचा सूर आणि शेवटची पायरी एकदमच संपली. निर्णा गावाहून आलेले पाहुणे म्हणाले, मधे देवाला थांबवून घ्यायचं हे झकास केलंत, आमच्याकडं असं न्हाई. अप्पांनी यावेळी मात्र ऐकलं नाही असं दाखवलं नाही. “व्हय,” म्हणाले, “बसवलंय तसं.”

पुढच्या वर्षभरात समोरची नजरही बरीच गेली. अप्पांनी बोलल्याप्रमाणं क्लॅरिनेट फडक्यात बांधून वायंडिंगवाल्याच्या हाती दिला. यंदाच्या जत्रेआधी बँडात नवीन माणसं आली, त्यांना कार्डं हवी होती. मी विचार केला, आता ज्याच्यासाठी जागा सोडली होती तो वाजवत नाही. मार्च मुळात होता तसा करावा. अप्पांनी बांधलेला सूर माझ्या जागेमुळं तुटका राहू नये, असं मला मनापासून वाटत होतं. मी बाण काढला, आठही ओळी एका अंतरावर बसवल्या. कार्ड देखणं झालं. सगळ्यांना नवीन दिलं आणि जुनी परत घेतली.

जत्रेत अप्पांची खुर्ची पायऱ्यांच्या बाजूला होती, मी शेजारी उभी. बँड आला. पालखी चढायला लागली. अप्पांची बोटं गुडघ्यावर चालत होती. चौथी ओळ संपली आणि बँड थांबला. खांदेकरी थांबले. अप्पांची बोटंही थांबली, जराशी चाचपडली, आणि मग पाचवीत गेली, आणि बँडही तेव्हाच गेला.

संध्याकाळी महाप्रसादाच्या पंगतीत मी वायंडिंगवाल्याला गाठलं. “आता कामून थांबलाव रे? यंदाच्या कार्डात जागा न्हाई ठेवली मी. दम न्हाई तिथं.”

तो ताटातली गव्हाची गोड हुग्गी कालवत होता. वर न बघता म्हणाला, “दम तर तवाबी न्हवता, अक्का. पहिल्या दिवशी चुकून थांबलो. मास्तरनी अंगठा ठेवला तवा सगळ्यांलाच कळलं. मास्तर पुढच्या ओळीवर पोचंस्तोवर थांबायचं असतंय.”

मी पंगतीतून ताट सोडून उठले. अप्पा खुर्चीतच बसले होते, आई त्यांना घास देत होती. मी जाऊन त्यांच्या पायाशी बसले आणि वायंडिंगवाला जे म्हणाला ते जसंच्या तसं सांगितलं. अप्पांनी घास गिळला. मग चेहरा देवळाकडं वळवला, जिथं त्यांना आता नुसता उजेड कळतो.

“मग पुढच्या साली,” ते म्हणाले, “जरा बिगी बिगी पोचाय पाहिजे मला. लोकांच्या खांद्यावर ओझं असतंय.”